अंगणवाडीत मदतनीस आहे का, ते आधी विचारा

परभणीत बारावीच्या क्लासची चौकशी करायची म्हटली की माणसं लातूरला जाऊन येतात, नांदेडला जाऊन येतात, मेसची भाजीसुद्धा चाखून येतात. तीन वर्षांच्या लेकराला कुठं बसवायचं याची चौकशी मात्र एकाच प्रश्नात संपते: "इंग्लिश मीडियमला टाकलं का?" हो म्हटलं की विषय मिटला. नाही म्हटलं की समोरचा जरा काळजीनं बघतो. धंदा बसला की काय यांचा?

धंदा बसलेला नाही. माझं झेरॉक्स आणि ऑनलाइन फॉर्मचं दुकान आहे. जातीचा दाखला, उत्पन्नाचा दाखला, पीकविमा, आरटीईचा (शिक्षणहक्क कायद्यातल्या खासगी शाळांतल्या राखीव जागांचा) पंचवीस टक्क्यांचा फॉर्म, सगळं भरून देतो. त्यामुळं कोणती शाळा कशाच्या नावाखाली किती पैसे घेते हे मला घरबसल्या कळतं. आरटीईत आम्ही बसत नाही. आमच्या प्रवर्गाला एक लाखाच्या आतलं उत्पन्न लागतं आणि आमच्या दाखल्यावर त्याहून जास्त आकडा आहे. तो आकडा कमी करून आणणारे लोकही दुकानात येतात, पण ते जाऊ द्या.

पोरगी २०२४ साली पोळ्याच्या सुमारास तीन पूर्ण झाली. बायको सकाळी एका लॅबमध्ये कामाला जाते, आईचे गुडघे धरलेत, त्यामुळं दिवसाचे तीन-चार तास तिला कुठंतरी बसवणं भागच होतं. खासगी नर्सऱ्या आम्ही बघितल्या. हिरवं प्लॅस्टिकचं गवत, भिंतीवर कार्टून, फीचे हप्ते, टाय. एका ठिकाणी बाईंनी पोरीला काही न विचारता आम्हालाच "दोघांचं शिक्षण किती" विचारलं. एका अनुदानित शाळेला जोडलेला बालवर्गही बघितला. फी किरकोळ, पण एका खोलीत साठेक लेकरं आणि तीन वर्षांच्या हातात पेन्सिल देऊन चार पानं 'अ' गिरवायचा गृहपाठ. तिथून बायकोच आधी उठली.

अंगणवाडीचं डोक्यात आलं ते दुकानामुळं. जुलै २०२४ मध्ये लाडकी बहीण योजनेचे फॉर्म सुरू झाले तेव्हा आसपासच्या अंगणवाडीच्या ताया, म्हणजे सेविका, नारीशक्ती दूत ॲपवर फॉर्म भरून भरून थकल्या होत्या. सर्व्हर बंद पडला की माझ्याकडं येऊन बसायच्या, स्कॅन करून घ्यायच्या. त्यांच्या बोलण्यातून मला पहिल्यांदा कळलं की या बाया दिवसभर काय काय करतात. वजनं घ्यायची, पोषण ट्रॅकर या सरकारी ॲपवर हजेरी आणि फोटो टाकायचे, गरोदर बायांच्या भेटी घ्यायच्या, लसीकरणाच्या दिवशी सिस्टरसोबत बसायचं, मतदार यादीचं काम आलं तर तेही करायचं. एकीला मी सहज विचारलं, "मग लेकरांना शिकवता कधी?" ती हसली. म्हणाली, "ज्या दिवशी मदतनीस असती त्या दिवशी."

हे वाक्य माझ्या डोक्यात राहिलं आणि पुढं सगळी चौकशी मी त्याच्यावरूनच केली.

अंगणवाडी ज्या योजनेतून चालते ती एकात्मिक बालविकास योजना २ ऑक्टोबर १९७५ ला सुरू झाली. तिच्यात सहा सेवा आहेत: पूरक आहार, लसीकरण, आरोग्य तपासणी, संदर्भ सेवा (म्हणजे गरज पडली तर मोठ्या दवाखान्यात पाठवणं), बायांना आहार-आरोग्याची माहिती आणि तीन ते सहा वर्षांच्या लेकरांचं शाळापूर्व शिक्षण. आपल्या लोकांच्या डोक्यात यातली फक्त पहिली बसलीय. "खिचडीची शाळा" म्हणतात ते त्यामुळंच. माझ्या आईचा विरोध तर त्याच्याही मागं जाणारा. तिनं बहात्तरच्या दुष्काळात सुकडी खाल्लेली. "आम्ही सरकारचं खाऊन जगलो, आता नातीनंबी तेच खायचं का?" हा तिचा प्रश्न. याला उत्तर नव्हतं, म्हणून मी दिलंच नाही.

पहिली बघितली ती घराजवळची. भाड्याची एक खोली, पुढं पत्र्याचं शेड. आमचं नाव तिथं आधीपासूनच होतं, कारण बायको गरोदर असताना आणि पोरगी लहान असताना घरी न्यायच्या आहाराची पाकिटं तिथूनच यायची. ताई चांगल्या. अकराच्या सुमाराला न सांगता गेलो तेव्हा त्या एका हातानं रजिस्टर सांभाळत होत्या, दुसऱ्या हातानं रडणाऱ्या लेकराला थोपटत होत्या. बाकीची लेकरं भिंतीला टेकून रांगेत पाट्या मांडीवर घेऊन बसलेली. गोंगाट नाही, खेळ नाही. तेवढ्यात एकाला शी लागली. खोलीला संडास नव्हता. ताई त्याला घेऊन शेजारच्या घरी गेल्या आणि जाताना बाहेरून दाराला कडी लावून गेल्या. करणार काय? उघडं ठेवलं तर एखादं लेकरू रस्त्यावर जायचं.

त्या परत आल्यावर स्वतःच म्हणाल्या, "भाऊ, तुम्हाला खोटं सांगत नाही. मदतनीस होती ती बढती मिळून दुसरीकडं सेविका झाली. तवापासून जागा रिकामी हाय. मी एकटी काय काय करू?"

नंतर दुकानात बातमी वाचताना आकडा दिसला. २०२५ च्या सुरुवातीला राज्य सरकारनं अंगणवाड्यांतली १८,८८२ पदं भरायची जाहीर केली, त्यात सेविका ५,६३९ आणि मदतनीस १३,२४३. म्हणजे ही एकट्या आमच्या गल्लीची गोष्ट नाही.

मदतनीस म्हणजे झाडलोट करणारी बाई, असं मलाही वाटायचं. प्रत्यक्षात सकाळी घरोघर जाऊन लेकरं गोळा करून आणते ती मदतनीस. नाक पुसते, संडासला नेते, हात धुवून देते, आहार वाढते, भांडी घासते, झोपलेल्याला बाजूला टाकते तीही तीच. ती नसली की हे सगळं सेविकेच्या अंगावर पडतं आणि शिकवण्याचा तास पहिल्यांदा उडतो, कारण पोरांचं गाणं झालं नाही तर कोण विचारायला येतंय? वजनाचा आकडा ट्रॅकरवर नाही चढला तर मात्र दुसऱ्या दिवशी फोन येतो.

दुसरी अंगणवाडी शाळेच्या आवारातली. मराठवाड्यात शहरातसुद्धा जिल्हा परिषदेच्या शाळा आहेत. तशा एका आवारातली ही स्वतंत्र खोली. जागेच्या बाबतीत ही सगळ्यांत उजवी: मोठं मैदान, लिंबाची सावली, संडास, भिंतीवर रंगवलेली बाराखडी. सेविका आणि मदतनीस दोघी हजर. बायकोला ती बघताक्षणी आवडली. पण आम्ही तास-दीड तास बसून राहिलो आणि तेवढ्या वेळात लेकरांनी फक्त ओरडून म्हटलं. "ए फॉर ॲपल" पासून "झेड फॉर झेब्रा" पर्यंत, मग एक ते पन्नास, मग पुन्हा ए फॉर ॲपल. ठोकळ्यांची पेटी कपाटावर होती, तिच्यावर प्लॅस्टिकची पिशवी घट्ट बांधलेली. मी विचारलं तर ताई म्हणाल्या, "हरवतात हो. आणि पालकांना एबीसीडीच पाहिजे. खेळायलीत म्हटलं की दुसऱ्या दिवशी नाव काढून कॉन्व्हेंटला नेतात."

यात त्यांचं चुकत होतं असं मी म्हणणार नाही. त्यांची अडचण माझ्यासारख्या गिऱ्हाइकांनीच तयार केलीय. अंगणवाडीसाठी राज्यानं 'आकार' नावाचा अभ्यासक्रम केला, त्यात रोजचं काय घ्यायचं ते खेळ, गोष्ट, गाणी, खेळाचे कोपरे अशा भाषेत लिहिलेलं आहे. २०२० च्या शैक्षणिक धोरणानं तीन ते आठ हा सलग पायाभूत टप्पा धरलाय, म्हणजे अंगणवाडीची तीन वर्षं आणि पहिली-दुसरी एका माळेत. कागद चांगला आहे. पण कपाटावरची पिशवी सोडायला सेविकेला पालकांची भीती वाटत असेल तर कागद काय करणार?

तिसरीकडं आम्ही गेलो ते एका ताईच्याच सांगण्यावरून. रुळाच्या पलीकडची वस्ती, समाजमंदिराचा एक हॉल, वर पत्रे. आई तर नाव ऐकूनच म्हणाली, "तिकडं?" त्या एका शब्दात जे जे होतं ते परभणीत राहणाऱ्याला सांगायची गरज नाही. माझ्या मेहुण्यानं ते जरा सभ्य करून सांगितलं: "संगत बघायला पाहिजे दाजी." तीन वर्षांच्या लेकरांची संगत!

आत गेलो तेव्हा सेविका लेकरांच्यात खाली बसलेली होती आणि आमच्याकडं तिनं फक्त मान हलवली, उठली नाही. मला ते आवडलं. समोर सुपात चिंचोके, तुरीचे दाणे आणि बाटल्यांची झाकणं एकत्र कालवलेली. चार-चार लेकरांनी ती वेगवेगळ्या वाट्यांत निवडायची. एक पोरगा सगळी निळी झाकणं एका बाजूला लावून बसला होता, त्याला तसं कुणी सांगितलेलं नव्हतं. ताईनं त्याला थांबवलं नाही, "लाल कुठं ठेवणार मग?" एवढंच विचारलं. शेजारची पोरगी दखनी उर्दूत काहीतरी तक्रार करत होती, ताईनं तिला तिच्याच बोलीत उत्तर दिलं आणि पुढचं वाक्य मराठीत बोलली. ताराबाई मोडकांनी १९४५ साली बोर्डीला आणि पुढं त्यांनी आणि अनुताई वाघांनी कोसबाडला लहान लेकरांच्या शिक्षणाचं जे काम केलं, ते अशाच आसपास सापडणाऱ्या वस्तूंवर केलं होतं. नर्सरीतल्या महागड्या खेळण्यांनी यापेक्षा वेगळं काय होतं, हे मला अजून कुणी पटवून दिलेलं नाही.

मग आहाराची वेळ झाली. नळाला रोज पाणी येत नाही, म्हणून दाराशी निळा ड्रम. मदतनीस मावशी ड्रमाजवळ स्टूल टाकून बसल्या. खिळ्याला कांद्याच्या जाळीचा तुकडा, त्यात साबणाची वडी. लेकरू येतं, जाळीवर हात घासतं, मावशी मगातून बारीक धार सोडतात, अर्ध्या मगात एकाचे दोन्ही हात कोपरापर्यंत धुवून होतात आणि खालचं पाणी घमेल्यात पडतं. घमेलं भरलं की कढीपत्त्याच्या झाडाला. पंचवीस-तीस लेकरांचे हात होईपर्यंत मावशींनी एकदाही आवाज चढवला नाही. फक्त एका पोराला, "मागल्या बाजूनं कोण धुणार, तुझा मामा?" असं म्हणाल्या. तो खुदकन हसला आणि धुतले.

त्या दिवशी मटकीची उसळ आणि भात होता. बचत गटाकडून डबा येतो. या वयाच्या लेकराला दिवसाला ठरलेल्या कॅलरी आणि प्रथिनं मिळावीत, वर्षातले ३०० दिवस, असा नियम आहे आणि त्यासाठी ठरलेला खर्च तेव्हा लेकरामागं दिवसाला ८ रुपये होता. माझ्या दुकानासमोर चहाच दहाला मिळतो. मी चव घेऊन बघितली. मीठ कमी होतं, पण शिजलेलं नीट. दुसऱ्या अंगणवाडीतली खिचडी याहून चवदार होती, हे खरं सांगायला पाहिजे.

जागेच्या बाबतीत मात्र ही तिसरीच सगळ्यांत मागं. उन्हाळ्यात पत्र्याखाली काय होत असेल ते चव्वेचाळीस डिग्री सोसणाऱ्या माणसाला विचारायला नको. उन्हाळ्यात सकाळची भरवतात, तरी अकराला पत्रे तापतातच. लग्नसराईत समाजमंदिर कुणी मागितलं की लेकरं बाहेर झाडाखाली. संडास आहे, पण पाणी ड्रमातूनच न्यायचं. बायको घरी येऊन म्हणाली, "शाळेच्या आवारातली खोली आणि इथल्या या दोघी, असं नाही का जमणार?" सरकारी अंगणवाड्यांची तुलना करताना सगळ्यांत जास्त हेच खटकतं. पैसा खर्च होतो, माणसंही आहेत, पण एका जागी सगळं जुळून येत नाही. आपल्याला निवडायचं असतं ते कोणती उणीव चालेल हे.

आम्ही उन्हाची उणीव घेतली.

एवढं ठरवलं आणि खरी अडचण तिथून सुरू झाली. ताई म्हणाल्या, "दादा, लेकरू आणा, बसवते. पण नाव नाही घेता यायचं. तुमचं घर माझ्या कार्यक्षेत्रात येत नाही." अंगणवाडीला प्रवेश म्हणजे शाळेसारखा फॉर्म नसतो. फी नाही, डोनेशन नाही, जूनचीच वाट बघायची गरज नाही. कोणत्याही महिन्यात लेकरू बसतं. जन्मदाखला, लेकराचं आणि आईचं आधार, लसीकरणाचं कार्ड, मोबाइल नंबर एवढं पुरतं. पण गल्ल्या वाटून दिलेल्या आहेत, आणि पोषण ट्रॅकरवर एक लेकरू एकाच ठिकाणी दिसतं. आमची पोरगी जवळच्या अंगणवाडीच्या खात्यावर. नाव हलल्याशिवाय इथं तिचा आहार येणार नाही, वजनाची नोंद होणार नाही.

जवळच्या ताईंकडं जाणं मला जड गेलं. त्यांची काही चूक नव्हती आणि आम्ही त्यांचं एक नाव कमी करायला चाललो होतो. आधीच कॉन्व्हेंटवाल्यांमुळं त्यांचा पट उतरत चाललेला. त्या थोडा वेळ गप्प बसल्या, मग म्हणाल्या, "रुळाच्या पलीकडं नेता? लोक तिकडून इकडं आणतात." मी मदतनीसचं सांगितलं. त्या चिडल्या नाहीत. "हेच तुम्ही लिहून द्या," म्हणाल्या, "मी तोंडानं सांगून थकले. पालकानं लिहिलेलं कुणीतरी वाचंल."

म्हणून मी अर्ज दोन टाईप केले. एक नाव हलवण्याचा, कारण बायकोच्या कामाच्या वाटेवर ती अंगणवाडी पडते. दुसरा जवळच्या अंगणवाडीत मदतनीस भरण्याबद्दल, गल्लीतल्या पालकांच्या सह्यांसकट. सह्या गोळा करताना एक गंमत झाली. ज्यांची लेकरं टाय लावून नर्सरीत जातात त्यांनी आधी सह्या केल्या; त्यांच्या घरातल्या लहान लेकरांची पाकिटं तिथूनच येतात ना! नागरी बालविकास प्रकल्पाच्या कार्यालयात पर्यवेक्षिका मॅडमनी दोन्ही अर्ज घेतले, पहिल्याचं काम लवकर झालं. दुसऱ्याची पोच मिळाली.

नाव आल्यावर पहिल्याच आठवड्यात वजनाचा दिवस होता. पोरीला काट्यावर उभं केलं, मग भिंतीशी उंची. बारा किलो चारशे. ताईनं तक्त्यावर टिंब दिलं आणि माझ्याकडं फिरवून दाखवलं: हिरव्यात आहे, पण रेष चढायला पाहिजे, पुढच्या महिन्यात बघू. आम्ही पोरीला खासगी दवाखान्यात एवढ्या वेळा नेलं, तिथं वजन कागदाच्या कोपऱ्यात लिहितात आणि कागद आपण हरवतो. महिन्याला एक टिंब आणि त्यांची एक रेष, असं कुणी दाखवलं नव्हतं. त्या दिवसापासून आईनं पोरीच्या दुधात शेंगदाण्याचं कूट घालायचा प्रयोग सुरू केला आणि पोरगी ते पीत नाही.

लोक विचारतात, अंगणवाडीत शिकते काय? रंग ओळखते, चपला जोडीनं लावते, कुणी रडलं तर आपला रुमाल देते आणि मग परत मागते. एबीसीडी येत नाही. मेहुण्याच्या पोराला येते, आणि तो पाहुण्यांसमोर म्हणूनही दाखवतो. यावरून घरात अधूनमधून वाजतं. दुसरी भीती संपाची. डिसेंबर २०२३ मध्ये राज्यभरच्या सेविका-मदतनीस संपावर गेल्या होत्या तेव्हा अंगणवाड्या महिनाभराहून जास्त बंद होत्या. पुन्हा झालं तर आमच्या सकाळचं काय, याचं उत्तर माझ्याकडं नाही. पण त्या वर्षी सेविकेचं मानधन दहा हजार आणि मदतनीसचं साडेपाच हजार होतं हे मला माहीत आहे. माझ्या दुकानातला पोरगा साडेपाच हजारात टिकला नसता.

पहिलीचं अजून लांब आहे. ३१ डिसेंबरला सहा पूर्ण, हा हिशेब लावला तर आमची पोरगी २०२७ च्या जूनमध्ये पहिलीला बसेल. तोवर ती इथंच, असं आमचं ठरलेलं होतं. पण परवा जवळच्या ताई दुकानात आल्या, आधार अपडेट करायला आलेल्या एका बाईला घेऊन. त्यांच्याकडं मदतनीसची जागा भरली. नवीन मुलगी बारावी झालेली, दोन गल्ल्या सोडून राहते. आई लगेच म्हणाली, "झालं मग, आता जवळच आणा लेकराला." बायको म्हणाली, "आणू की. आधी मी एक दिवस अकरा वाजता न सांगता जाऊन बघते."